शिकारीचा परवाना

जुन्या वाड्यांतून किंवा एखाद्या क्लबाच्या दिवाणखान्यांतून भिंतीवर टांगलेलीं गव्यांचीं, सांबरांचीं व वाघांचीं मस्तकें आम्हां सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. त्यांपैकीं कित्येकांच्या मागें एक कागदही होता, हें मात्र आमच्या क्वचितच ध्यानांत येतें. तो कागद म्हणजे शिकारीचा परवाना. त्याचा इतिहास पाहूं लागलें असतां तो श्वापदांपेक्षां माणसांचाच इतिहास अधिक आहे असें आम्हांस वाटतें.

वन्य पशूंस राजाज्ञेनें संरक्षण देण्याची कल्पना आमच्या देशांत नवी नव्हे. अशोकानें राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनीं कोरविलेल्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादीच दिलेली आहे. कौटिल्यानें हत्ती मारणारास देहान्त शासन सांगितलें आहे. पण अशोकाची दृष्टि धर्माची होती, तर कौटिल्याची राज्याच्या गरजेची. सैन्यास हत्ती हवे होते. पुढील काळचे कायदे या दुसऱ्या वाटेनेंच गेले. इंग्रज सरकारनें १८७९ सालीं हत्तींच्या रक्षणाचा कायदा केला, तेव्हां परवान्यावांचून हत्ती मारणारास किंवा धरणारास ५०० रुपयांपर्यंत दंड ठेवला.

त्याच्या आदल्याच वर्षीं झालेले दोन कायदे याहून दूरगामी ठरले. वनांच्या कायद्यानें राखीव जंगलांत नियमांविरुद्ध शिकार करणें, मासे मारणें किंवा फांसे लावणें हा गुन्हा झाला. हत्यारांच्या कायद्यानें बंदुकीस परवाना लागूं लागला. युरोपियनांस मात्र नियमांनींच त्यांतून सूट मिळाली, आणि ही वर्णभेदाची सूट पहिल्या महायुद्धानंतर काढण्यांत आली. या दोन कायद्यांच्या कात्रींत रानांत राहणारा मनुष्य सांपडला. गोंड, कोरकू, भिल्ल यांची पिढीजात पारध कायद्याच्या दृष्टीनें चोरी ठरली.

१९१२ सालच्या कायद्यानें हरणें, गवे, गेंडे, ससे अशा प्राण्यांसाठीं शिकारबंदीचा काळ ठरविण्याची सोय केली. पण त्याच्या परिशिष्टांत वाघाचें नांव नव्हतें. वाघ हा उपद्रवी मानला जाई, व त्यास मारणारास सरकारांतून बक्षीसही मिळे.

प्रत्यक्ष व्यवस्था कशी चाले तें पाहण्यासारखें आहे. मध्यप्रांतांत, म्हणजे आजच्या विदर्भांतही, राखीव जंगलाचे शिकारीसाठीं विभाग पाडलेले असत. परवानेदारास एक विभाग ठराविक मुदतीपुरता मिळे, फी भरावी लागे, आणि कोणतें जनावर किती मारावें याची मर्यादा घातलेली असे. परवानेदार बहुधा साहेब असे. क्वचित् आमच्याच पांढरपेशांपैकीं एखादा वकीलही असे. तो मचाणावर बसे, आणि हांका घालण्यास मजुरीवर कोण येई? तर ज्याची पारध बंद झाली होती तोच गोंड किंवा कोरकू. स्वतःच्या भाकरीबरोबर खाण्यासाठीं त्यानें ससा धरला तर तो गुन्हा होता. साहेबासाठीं वाघ उठविला तर त्यास मजुरी मिळे.

तथापि एकांगी निर्णय देणें न्यायाचें होणार नाहीं. परवान्यानें जी संख्येची व ऋतूची मर्यादा घातली, तिच्यामुळेंच कित्येक रानांत हरणें व गवे शिल्लक राहिले, हें मान्य केलें पाहिजे. बंदुका स्वस्त व रस्ते सुगम झाल्यावर केवळ परंपरेच्या भरंवशावर वनें राहिलीं नसतीं.

स्वातंत्र्यानंतरही परवाना लगेच गेला नाहीं. १९७० सालीं वाघाची शिकार बंद झाली. १९७२ च्या गणनेंत देशांत अवघे १८२७ वाघ आढळले. त्याच वर्षीं झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्यांतही विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार व प्राणी धरणें असे परवान्यांचे चार प्रकार होतेच. परवानेदारानें मारलेल्या जनावरांची नोंद ठेवावी, असाही नियम होता. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प निघाला व त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आमचा मेळघाट आला. हौसेच्या शिकारीचे ते परवाने मात्र १९९१ च्या दुरुस्तीनेंच संपले.

पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्टपणें वगळला. आजच्या वनांची स्थिति पाहतां तें आम्हांस योग्यच वाटतें. परंतु या बंदीची खरी किंमत कोणी दिली, हें विसरतां कामा नये. ज्यांनीं हौसेसाठीं वाघ मारले त्यांची केवळ करमणूक गेली. ज्यांनीं पोटासाठीं रानांत फांसा लावला त्यांचा निर्वाह गेला, आणि तोही शंभराहून अधिक वर्षें आधीं. भिंतीवरच्या मस्तकाखालीं शिकाऱ्याचें नांव वाचतांना हांका घालणारांचींही आठवण आमच्या वाचकांस व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.