राखीव खेळाडू

३० एप्रिल २०१८ ला एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ गेले, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकच ओळ फिरत होती : 'देशाचे पहिले मुस्लिम हवाई दलप्रमुख'. ओळ खरी आहे. पण ती दिवसभर पुरावा म्हणून पुढे ढकलली जात होती, याचं मला वाईट वाटलं. त्यांची सुरुवात कुठे झाली, हे कुणी विचारलं नाही.

मी नागपूरचा. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आमच्या वायुसेनानगरात. सोनेगावची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांचा थांबा होती. त्याच युद्धात लतीफ वैमानिक झाले, पण त्यांची पहिली नेमणूक होती राखीव तुकडीत.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा भारतीय हवाई दल अगदीच लहान होतं. मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता ही बंदरं मात्र उघडी होती. म्हणून हवाई दलाची स्वयंसेवक राखीव फळी उभी राहिली आणि तिच्या किनारा-संरक्षण तुकड्या झाल्या. नागरी विमानं चालवणारे यात आले. विमानं मिळाली ती नियमित स्क्वाड्रननी वापरून झालेली : वापिती, ऑडॅक्स, हार्ट. दोन-दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची. काम समुद्रावर घिरट्या घालायचं, जहाजांच्या काफिल्यांना सोबत करायचं, पाणबुडी दिसते का बघायचं. तासन्‌तास खाली नुसतं पाणी. १९४२ मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचे, हैदराबादचे लतीफ कराचीला हेच करत होते.

दरम्यान जपान युद्धात उतरलं आणि पहारेकऱ्यांचं काम बदललं. एक तुकडी ब्रह्मदेशात मोलमीनला गेली, तिची विमानं बॉम्बहल्ल्यात जमिनीवरच नष्ट झाली. दुसरी ब्लेनहाइम घेऊन आली आणि महिनाभर रंगूनला येणाऱ्या जहाजांवर जवळजवळ तिचंच छत्र होतं. राखीव खेळाडू सलामीला उतरावा, तसं. १९४२च्या अखेरीस या तुकड्या मोडल्या. त्यांतली माणसं व्हेंजन्स बॉम्बफेकी विमानांच्या नव्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये गेली. पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लतीफही सातव्या स्क्वाड्रनमध्येच होते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा राखीव व साहाय्यक हवाई दल कायदा आला. १९५५ पासून दिल्ली, मुंबई, मद्रास इथे साहाय्यक स्क्वाड्रन निघाल्या, सरावाला हार्वर्ड विमानं. आठवडाभर नोकरी करणाऱ्यांनी सुट्टीत उडायचं, अशी कल्पना. पुढे नियमित दलच वाढत गेलं आणि साहाय्यक दल मागे पडलं.

फाळणीच्या वेळी लतीफ यांना सहकारी असगर खान, नूर खान यांनी पाकिस्तानात बोलावलं होतं. दोघंही पुढे तिथले हवाई दलप्रमुख झाले. ज्या कराचीत लतीफ यांनी पहिला पहारा दिला, ती आता पलीकडे होती. ते इथेच राहिले. १९७८ ते ८१ हवाई दलप्रमुख, मग १९८२ ते ८५ महाराष्ट्राचे राज्यपाल. नागपूरच्या राजभवनाच्या भिंतीवरून मी नेहमी जातो. तिथे राहून गेलेला एक माणूस कधीकाळी जुनाट वापितीत बसून अरबी समुद्र निरखत होता, हे मलाही फार उशिरा कळलं.