पश्चिम भारतातील यंत्रशिक्षण : भाषा, आरेखन आणि हस्तकौशल्य

पश्चिम भारतातील यंत्रोद्योगाच्या वाढीचा विचार करताना भांडवल, कच्चा माल, बाजारपेठ आणि सरकारी धोरण या चार अंगांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गेलेले आहे. यंत्र चालविणारा, दुरुस्त करणारा आणि घडविणारा माणूस कसा तयार झाला, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिला. आणि तो माणूस कोणत्या भाषेतून तयार झाला, हा प्रश्न तर क्वचितच विचारला गेला आहे. वस्तुतः यंत्रविद्येचे शिक्षण ग्रंथातील सिद्धान्त, कागदावरील आरेखन आणि हाताचे कौशल्य या तीन वाटांनी होते. या तिन्ही वाटा एकत्र आल्या तेथे यंत्रोद्योगाला जोम आला, आणि त्या दुरावल्या तेथे एकीकडे हात न लावणारा अभियंता व दुसरीकडे वर न चढू शकणारा कारागीर निर्माण झाला. ही फारकत घडविण्यात भाषेचा वाटा किती होता, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१) देशी भाषेतील पहिला प्रयत्न

इंग्रजी अमदानीतील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ या प्रदेशात इंग्रजीतून झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, इ. स. १८२३ च्या सुमारास, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत जी अभियांत्रिकी पाठशाला निघाली, तिच्यात मराठी व गुजराती या भाषांतून शिक्षण दिले जात असे. त्यासाठी जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची व भूमितीची पुस्तके मराठीत तयार करविली. ही पाठशाला फार काळ टिकली नाही. तथापि भूमितीची मूलतत्त्वे मराठीतून शिकवून मोजणीदार व कनिष्ठ अभियंते तयार करता येतात, एवढे तिने दाखवून दिले.

याच जर्व्हिस यांचा पुढे १८४० नंतरच्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये सर अर्स्किन पेरी यांच्याशी माध्यमाच्या प्रश्नावर वाद झाला. पेरी इंग्रजीचे पुरस्कर्ते होते. जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली आणि नाना शंकरशेट यांनी त्यांना साथ दिली. या वादाचा उल्लेख सामान्यतः शालेय शिक्षणाच्या इतिहासात होतो. परंतु देशी भाषांची बाजू मांडणारा मनुष्य तांत्रिक शिक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेला अभियंता होता, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

त्याच काळात गोदीतील परंपरेने तयार झालेला एक असामान्य यंत्रज्ञही मुंबईत होता. जहाजबांधणीसाठी विख्यात असलेल्या वाडिया घराण्यातील अर्देशीर करसेटजी यांचे शिक्षण गोदीत प्रत्यक्ष कामावर झाले होते. वाफेच्या यंत्राच्या ओढीने १८३९ साली ते विलायतेस गेले. १८४१ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले, आणि त्याच वर्षी कंपनीच्या मुंबईतील वाफ-कारखान्याचे प्रमुख अभियंता म्हणून त्यांची नियुक्ती झाली. परंतु त्यांच्या ठायी हाताचे कसब आणि इंग्रजी ग्रंथविद्या एकत्र आली, ती घराण्याच्या प्रतिष्ठेमुळे व संपन्नतेमुळे. सामान्य लोहाराच्या किंवा सुताराच्या मुलाला ती वाट मोकळी नव्हती.

(२) इ. स. १८५४ : एका वर्षातील तीन घटना

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. लगेच पुढील वर्षी तीन घटना घडल्या. कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली. वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजीचे स्थान निश्चित केले. आणि पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाची शाळा सुरू झाली. रेल्वे आणि गिरणी यांना यंत्र जाणणारी माणसे हवी होती. शाळेच्या नावातही यंत्रविद्येचा निर्देश होता. तथापि तिचा मुख्य उद्देश सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. १८६६ साली ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली आणि ‘सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नावातील ‘मेकॅनिकल’ हा शब्द गळून पडला, हे सूचक आहे. सरकारला रस्ते, पूल व कालवे बांधावयाचे होते. यंत्रे विलायतेहून येत होती आणि ती उभारणारे वरिष्ठ यंत्रज्ञही तिकडूनच येत होते.

यंत्रविद्येचे खरे शिक्षण या काळात महाविद्यालयाबाहेर, रेल्वेच्या परळ येथील यंत्रशाळांत आणि गिरण्यांच्या दुरुस्तीखात्यांत चालू होते. ते मुख्यतः तोंडी होते. मिस्त्री करून दाखवी आणि शिकणारा पाहून करी. मराठीत या अवस्थेला ‘उमेदवारी’ असे नाव होते. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी आशेचा अर्थ आहे. पुढे नोकरी मिळेल या आशेवर विनावेतन किंवा अल्प वेतनावर राबणारा तो उमेदवार. शिकण्यापेक्षा वाट पाहण्यावर या शब्दाचा भर आहे, आणि त्या काळच्या वस्तुस्थितीशी तो जुळणारा होता. उमेदवाराची मजल फार तर मिस्त्रीपदापर्यंत जाई. त्यापुढील पायरीवर आरेखन वाचावे लागे, हिशेब व अहवाल लिहावे लागत, आणि ते सर्व इंग्रजीत असे.

(३) कारागिरांची शब्दसृष्टी

या यंत्रशाळांत जी बोली तयार झाली, तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. तिच्यात तीन थर स्पष्ट दिसतात. ऐरण, भाता, घण, सांडशी, छिन्नी, कानस हे शब्द गावच्या लोहारशाळेतून जसेच्या तसे आले. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला. आणि लेथ, बोल्ट, फिटर, टर्नर, मोल्डर हे शब्द इंग्रजीतून येऊन मराठी विभक्तिप्रत्यय घेऊ लागले.

तिसऱ्या थरातील शब्दांना भाषेच्या दारिद्र्याची खूण मानण्याची प्रथा आहे. परंतु ती सर्वस्वी ग्राह्य नाही. लाकूड वा हस्तिदंत चरकावर धरून कातणाऱ्यासाठी मराठीत ‘कातारी’ हा शब्द होता आणि धातूचा रस साच्यात ओतणाऱ्यासाठी ‘ओतारी’ हा शब्द होता. असे असताना लेथवर काम करणारा ‘टर्नर’ झाला आणि साचे भरणारा ‘मोल्डर’ झाला. याचे कारण शब्दाच्या अभावात शोधता येत नाही. कातारी, ओतारी, लोहार ही धंद्यांची नावे होती, तशीच ती जातींचीही नावे होती. तो धंदा करणे म्हणजे त्या जातीत जन्मणे, असा त्यांचा अर्थ समाजमनात रूढ होता. टर्नर किंवा फिटर होण्यास मात्र जन्माची अट नव्हती. शेतकऱ्याचा, कोष्ट्याचा किंवा भिक्षुकाचा मुलगाही फिटर होऊ शकत होता. तात्पर्य, परक्या शब्दाने धंद्याला चिकटलेली जात काही अंशी पुसली, असे म्हणावयास जागा आहे. कारखान्यातील जातिभेद त्यामुळे नाहीसा झाला, असे मात्र मुळीच नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात दीर्घकाळ मज्जाव होता, हे सर्वज्ञात आहे. येथे मुद्दा इतकाच की, इंग्रजी शब्दांनी खालचे दार काहीसे उघडले आणि इंग्रजी ग्रंथांनी वरचे दार बंद ठेवले. एकाच भाषेचे हे दोन परस्परविरोधी परिणाम होते.

(४) दोन संस्था, दोन मार्ग

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि यंत्रविद्येच्या पदविका शिक्षणाला स्वतंत्र स्थान मिळाले. पूर्वी भायखळ्यास असलेली ही संस्था १९२३ साली माटुंग्यास गेली, आणि १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. गिरण्यांना व रेल्वेला देशी यंत्रज्ञ पुरविण्याचे तिचे कार्य मोठे आहे. येथे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते.

बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली त्रिभुवनदास गज्जर यांनी चालविलेल्या कलाभवनाने दुसरा मार्ग चोखाळला. तेथे धंदेशिक्षण गुजरातीतून देण्याचा उपक्रम झाला आणि त्यासाठी देशी भाषांत शास्त्रीय ग्रंथ व परिभाषा तयार करण्याचे कामही हाती घेण्यात आले. जर्व्हिस यांनी सोडलेला धागा सुमारे सात दशकांनी एका देशी संस्थानात पुन्हा उचलला गेला, असे म्हणता येईल. परंतु ज्या नोकऱ्यांसाठी विद्यार्थी शिकत होते, त्यांची भाषा संस्थानाच्या हाती नव्हती. शिक्षणाची भाषा बदलून उद्योगाची व अधिकाराची भाषा तीच राहिली, तर शिक्षणातील प्रयोग एकाकी पडतो, हा या उपक्रमाचा धडा होय.

(५) आरेखन : तिसरी भाषा

या कोंडीतून निघालेल्या एका वेगळ्या वाटेचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात मिळते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रंग ओळखण्यात दोष असल्याचे आढळल्यावर ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथील यंत्रशाळेत त्यांनी वाफेच्या यंत्राचा व हत्यारांचा प्रत्यक्ष परिचय करून घेतला. अपेक्षित बढती न मिळाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावास, भावाबरोबर चालविलेल्या सायकलींच्या दुकानाकडे, ते परतले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत असल्यामुळे पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली व किर्लोस्करवाडी वसली.

या चरित्रातील शिक्षणविषयक अंश पुरेसा लक्षात घेतला जात नाही. लक्ष्मणरावांजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती, आणि लोहारकामाचा वारसाही नव्हता. त्यांच्याजवळ आरेखन होते. आरेखन ही रेषांची भाषा आहे. तिच्यात वाचक आणि कर्ता यांच्यामध्ये इंग्रजी किंवा मराठी असा प्रश्न उद्भवत नाही. दोन बाजूंचे दर्शन, छेद आणि मापे एवढे कळले की, इंग्रजी न जाणणारा कारागीरही वस्तू घडवू शकतो. माळावरच्या कारखान्यात परिसरातील मंडळींना कामावरच शिकवून यंत्रे काढावयाची होती. तेथे ही तिसरी भाषा उपयोगी पडली. पुढची पिढी मात्र पदवीच्या वाटेने गेली. शंतनुराव किर्लोस्करांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९२६ साली ते पदवीधर झाले. १९४६ साली पुण्यात तेलइंजिनांचा कारखाना निघाला, तेव्हा या दोन्ही परंपरा एकत्र आल्या होत्या.

(६) आयोगापासून कायद्यापर्यंत

१९१६ साली नेमलेल्या भारतीय औद्योगिक आयोगाने १९१८ च्या अहवालात असे मत मांडले की, यंत्र अभियांत्रिकीसारख्या हस्तकौशल्यप्रधान उद्योगांचे शिक्षण कारखान्यातच द्यावे आणि त्याला सिद्धान्ताच्या वर्गांची जोड द्यावी. विचार योग्य होता. अंमल संथ झाला. दुसऱ्या महायुद्धाने मात्र निकड निर्माण केली. युद्धसाहित्यासाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना १९४० साली सुरू झाली, आणि युद्धोत्तर काळात तिच्या अनुभवावर १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना व औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९५८ साली पवई येथे युनेस्कोमार्फत सोव्हिएत साहाय्याने भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवडचा यंत्रोद्योग विस्तारू लागला, तेव्हा तेथील मोठ्या कारखान्यांनी स्वतःचे प्रशिक्षण विभाग काढले.

कायद्याच्या मराठी नावात ‘उमेदवार’ हा जुना शब्द टिकला, पण त्याच्यामागे ‘शिकाऊ’ हे विशेषण आले. पूर्वी कृपेवर अवलंबून असलेली अवस्था आता कराराची, मुदतीची व विद्यावेतनाची झाली. शब्दाच्या अर्थातील हे स्थित्यंतर शंभर वर्षांच्या सामाजिक इतिहासाचे सार आहे.

(७) परिभाषेचा प्रश्न

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने व विश्वकोशाच्या संपादकांनी यंत्रविद्येची मराठी परिभाषा सिद्ध केली. या परिभाषेचे भवितव्य एकसारखे झाले नाही. दट्ट्या, झडप, दंतचक्र यांसारखे शब्द वाचकाला सहज कळले, कारण ते बोलीतील परिचित शब्दांवर आधारलेले होते. फ्लायव्हीलसाठी योजलेला ‘प्रचक्र’ हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असूनही कारखान्यात रुजला नाही. शब्द घडविणारे आणि कानस चालविणारे यांची भेट झाली नव्हती. ग्रंथ आणि हात यांची जुनी फारकत परिभाषेतही उतरली.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण देण्यास संमती दिली. जर्व्हिस यांच्या पाठशाळेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे हाताचे काम बदलले आणि आरेखन कागदावरून पडद्यावर गेले. तथापि मूळ प्रश्न बदललेला नाही. वरील इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केवळ पाठ्यपुस्तकाची भाषा बदलून भागत नाही, हे बडोद्याच्या उदाहरणाने दाखविले. आणि यंत्रशाळेतील रूढ शब्दांना अशुद्ध म्हणून बाजूस सारले, तर नवे शब्द ग्रंथातच राहतात, हे परिभाषेच्या अनुभवाने दाखविले. फिटर, टर्नर, लेथ हे शब्द आता मराठीचेच आहेत. त्यांना स्वीकारून त्यांच्याभोवती सिद्धान्ताची मराठी उभी करावयाची, की त्यांना टाळून निराळी मराठी घडवावयाची, या निवडीवरच उद्याच्या उमेदवाराला मिस्त्रीपदाच्या पुढची पायरी चढता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी ठरणार आहे.