प्रश्न, उत्तर आणि प्रेक्षक : यूट्यूबवरील लेखी संवादाचा इतिहास

चित्रफितींचे माध्यम हे मुळात पाहण्याचे व ऐकण्याचे. त्यात लिहिण्या-वाचण्यास दुय्यम स्थान असावे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु यूट्यूबचा २००५ पासूनचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, चॅनेलभोवती जमलेला प्रेक्षकवर्ग टिकवून धरण्याच्या व वाढविण्याच्या कामी चित्रफितीच्या आसपासच्या चार ओळींच्या मजकुराचाही मोठा वाटा आहे. ‘कम्युनिटी पोस्ट’ या नावाने परिचित झालेला मजकूर हा या लेखनाचा अलीकडचा अवतार होय. चॅनेल वाढविण्याचे पाठ देणारी मंडळी त्याकडे एक युक्ती म्हणून पाहतात. ‘नित्य काही प्रश्न विचारीत जा’ हा त्यांच्या उपदेशाचा गाभा असतो. प्रस्तुत लेखकास हा उपदेश अपुरा वाटतो. प्रश्न विचारला गेला की नाही यापेक्षा, आलेल्या उत्तराने पुढे काही घडले की नाही, यावर प्रेक्षकांचे नाते अवलंबून असते. आणि उत्तर देण्याची साधने कोणाच्या हाती आहेत, हाही प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढविली गेली. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभे राहून त्यांच्या सोंडांविषयी बोलत आहेत, एवढाच १९ सेकंदांचा मजकूर तीत आहे. आरंभीच्या काळात प्रेक्षकास प्रत्युत्तराचे दोन मार्ग होते. एक कॉमेंटचा. दुसरा, २००६ मध्ये सुरू झालेला, चित्रफितीला चित्रफितीनेच उत्तर देण्याचा. हा दुसरा मार्ग कंपनीने १२ सप्टेंबर २०१३ रोजी बंद केला. अशी उत्तरे पाहणाऱ्या दर दहा लाखांतून केवळ चार जण त्यांवर टिचकी मारतात, असे कारण त्या वेळी देण्यात आले. हिशेब बरोबर असेल. पण मोजले काय, हे पाहावयास हवे. मोजली गेली ती त्रयस्थाची उत्सुकता. ज्याने खपून उत्तरादाखल चित्रफीत तयार केली आणि जिच्या खाली आपले नाव लागलेले पाहिले, त्याचा त्या चॅनेलशी जडलेला संबंध या आकड्यात कोठेच येत नाही. सभेत प्रश्न विचारणारे थोडे असतात म्हणून प्रश्नोत्तरांची वेळच काढून टाकावी, तसा हा प्रकार झाला.

या काळातील अत्यंत उद्बोधक उदाहरण जॉन व हँक ग्रीन या अमेरिकन बंधूंचे आहे. १ जानेवारी २००७ रोजी त्यांनी एक वर्षाचा संकल्प सोडला : परस्परांना एकही लिखित संदेश धाडावयाचा नाही, आठवड्यातील कामाच्या दिवशी आळीपाळीने एकेक चित्रफीत करून तिच्याद्वारेच बोलावयाचे. लेखन वर्ज्य करणाऱ्या या प्रयोगाभोवतीच लिहिणाऱ्यांचा एक मोठा समाज उभा राहिला, ही गंमतीची गोष्ट आहे. आरंभीचे संबोधन प्रेक्षकांस नसे, भावास असे. ‘सुप्रभात, हँक’ असे म्हणून जॉन बोलू लागे आणि सहस्रावधी लोक ते संभाषण ऐकत. ॲलन बेल यांनी १९८४ मध्ये श्रोत्यांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात ज्याला उद्देशून बोलणे चालते तो, ज्याची उपस्थिती वक्त्यास ज्ञात व मान्य आहे तो, आणि जो केवळ कानावर पडते म्हणून ऐकतो तो, असे भेद आहेत. ग्रीन बंधूंचे प्रेक्षक प्रथम दुसऱ्या प्रकारचे होते. ते हळूहळू पहिल्या प्रकारात आले.

हा पालट एका शब्दाने सूचित होतो. २००७ च्या फेब्रुवारीत एका विमानतळावरील खेळाच्या यंत्रावरचे ‘एअरो फायटर्स’ हे नाव जॉन यांनी ‘नर्डफायटर्स’ असे चुकीचे वाचले. नर्ड म्हणजे पुस्तकी किडा. आणि पुस्तकी किड्यांविरुद्ध लढणारे नव्हेत, तर पुस्तकी किडे असून लढणारे, असा अर्थ त्यास देण्यात आला. पाहणाऱ्यांनी हे नाव स्वतःस लावून घेतले. समासाचा विग्रह बदलला आणि एक समाज जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही. नाव मिळताच ‘प्रेक्षक’ ही केवळ संख्या राहिली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या मंडळींनी आपापल्या आवडीच्या धर्मादाय कार्यांविषयी चित्रफिती करून, एकमेकांच्या चित्रफितींखाली हेतुपूर्वक कॉमेंट लिहून, त्या यूट्यूबच्या अग्रभागी आणण्याचा उपक्रम केला. येथे कॉमेंट ही नुसती प्रतिक्रिया नव्हती, कृती होती. २०१० मध्ये ग्रीन बंधूंनी लॉस एंजेलिस येथे भरविलेल्या पहिल्या ‘विडकॉन’ संमेलनास सुमारे १४०० लोक जमले.

डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीच्या निवेदकाशी प्रेक्षकाचा जो एकतर्फी परिचय होतो, त्याचे विवेचन केले होते. निवेदक जणू समोर बसून बोलतो. प्रेक्षक मनातल्या मनात उत्तर देतो. ते उत्तर कोठेही पोहोचत नाही. यूट्यूबचे वेगळेपण असे की तेथे उत्तर पोहोचू शकते. पोहोचेलच असे नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कॉमेंट लिहिण्यासाठी गूगल प्लसचे खाते सक्तीचे झाले. त्याविरुद्ध प्रेक्षकांनी व चॅनेलचालकांनी मोठा गिल्ला केला. स्वतः करीम यांनीही जाहीर नापसंती व्यक्त केली. २०१५ मध्ये ही सक्ती मागे घेण्याचे ठरले. तोवर अनेक चॅनेलांचा प्रेक्षकांशी चालणारा लेखी व्यवहार फेसबुक, ट्विटर आदी अन्य स्थळी वळला होता. घर एकीकडे आणि ओटा दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

ओटा घराशी आणण्याचा यत्न म्हणजे १३ सप्टेंबर २०१६ रोजी मोजक्या चॅनेलांसाठी सुरू झालेला ‘कम्युनिटी’ हा विभाग. पहिल्या तुकडीत ग्रीन बंधूही होते. चित्रफीत न करता मजकूर, चित्र वा पोल प्रसिद्ध करण्याची सोय यात झाली. २०१७ मध्ये ती दहा हजारांहून अधिक सबस्क्राइबर असणाऱ्यांस मिळाली. पुढे ही अट उतरत जाऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये पाचशेवर आली. मात्र त्याच महिन्यात चॅनेलवरील जुना ‘चर्चा’ विभाग बंद झाला. ही अदलाबदल अभ्यासकांच्या नजरेतून निसटू नये. चर्चा विभागात कोणीही पाहुणा प्रथम तोंड उघडू शकत असे. कम्युनिटी विभागात पहिले वाक्य चॅनेलचालकाचे. प्रेक्षकाने त्याखाली लिहावयाचे. उत्तराचा अधिकार राहिला, आरंभाचा गेला.

या पोस्टने प्रेक्षक वाढतात कसे? ती सबस्क्राइबरांपुढे येते, आणि मुखपृष्ठावरून सबस्क्राइबर नसलेल्यांपुढेही येऊ शकते. चित्रफीत पाहण्यास दहा मिनिटे लागतात; पोलला बोटाचा एक स्पर्श पुरतो. दोन चित्रफितींमधील रिकाम्या दिवसांत ओळख ताजी राहते. मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये ज्या भाषाव्यवहाराचे वर्णन केले (ज्यात माहिती देणे-घेणे नसते, केवळ संबंध राखावयाचा असतो), त्याचेच हे रूप. ‘काय, जेवण झाले का?’ या प्रश्नाला उत्तराची फारशी गरज नसते, हे आपणांस ठाऊकच आहे.

परंतु सर्व प्रश्न या जातीचे नसतात. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी वाक्यार्थास आवश्यक म्हणून आकांक्षा सांगितली : एक पद उच्चारले की दुसऱ्या पदाची अपेक्षा उत्पन्न होते. ही संज्ञा किंचित ताणून असे म्हणता येईल की, प्रश्नाची आकांक्षा उत्तराने पुरी होते, पण उत्तराचीही एक आकांक्षा असते. ‘चहा की कॉफी?’ या पोलवर मतांचा पाऊस पडेल. तो उद्या कोणाच्याही ध्यानात राहणार नाही, कारण चहा जिंकला तरी काही बदलत नाही. उलट ‘पुढील भाग किल्ल्यांवर करावा की लेण्यांवर?’ असे विचारून, लेण्यांना कौल मिळाल्यावर खरोखरच लेण्यांवर चित्रफीत आली आणि तीत त्या कौलाचा उल्लेख झाला, तर मत देणारा ती चित्रफीत आपली समजतो. पोल घेऊन आधीच ठरविलेली चित्रफीत पुढे करणारे चालकही असतात. त्यांचा आकडा काही काळ फुगतो. नंतर प्रेक्षक उत्तर देण्याचे सोडून देतात.

मराठी चालकांस येथे एक सोय अशी आहे की जी इंग्रजी लिहिणाऱ्यास नाही. इंग्रजीत उत्तमपुरुषी अनेकवचनास एकच सर्वनाम. त्यात ऐकणारा आला की वगळला गेला, हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत ‘आम्ही’ने तो वगळला जातो, ‘आपण’ने सामावला जातो. ‘आम्ही कोणता विषय घ्यावा?’ हे गिऱ्हाइकास विचारणे झाले. ‘आपण कोणता विषय घेऊ या?’ हे घरच्यास. शिवाय हेच ‘आपण’ आदरार्थी मध्यमपुरुषीही असल्याने मान आणि सहभाग एकाच शब्दात साधतात. हे सामर्थ्य मराठी नियतकालिकांना नवे नाही. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ने १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींचे विचार पत्रांच्या रूपात छापले, आणि त्या साप्ताहिकाची स्मृती आज बव्हंशी त्या पत्रांमुळेच टिकून आहे.

साधन कोणाच्या हाती, या प्रश्नाचे आणखी एक उदाहरण नमूद करणे इष्ट होय. मुलांच्या माहितीच्या संरक्षणाविषयीच्या अमेरिकन कायद्याचा भंग केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्या तडजोडीनंतर, जानेवारी २०२० पासून, मुलांसाठी म्हणून घोषित झालेल्या चॅनेलांस कॉमेंट व कम्युनिटी पोस्ट या दोन्ही सोयी नाकारण्यात आल्या. निर्णयाचा हेतू योग्य होता. परंतु बालगीते वा अक्षरओळख शिकविणाऱ्या लहानशा चॅनेलास पालकांशी दोन शब्द लिहून बोलण्याचे दारही त्याने लावून घेतले. अशा चॅनेलांनी आपला प्रेक्षक केवळ चित्रफितींच्या बळावर मिळवावा, असा त्याचा अर्थ झाला.

सप्टेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने ‘कम्युनिटीज’ या नव्या सोयीची घोषणा केली. प्रेक्षकांनी स्वतः पोस्ट लिहावी व परस्परांशी बोलावे, अशी तीत योजना आहे. म्हणजे २०२१ मध्ये गेलेला आरंभाचा अधिकार दुसऱ्या दाराने परत येत आहे. मात्र त्या लेखनावर देखरेख ठेवण्याचे काम चॅनेलचालकाच्या शिरावर पडते, आणि पाचशे सबस्क्राइबर असलेल्या एकट्या माणसास ते कितपत झेपेल हे त्याच्या हाताशी किती वेळ आहे यावर ठरेल.