आभासी माणसांची हजेरी

दहावीचा निकाल संगणकावर जाहीर होतो, त्या दिवशी एकच पान लाखो घरांतून जवळजवळ एकाच वेळी मागितले जाते. ही गर्दी यंत्रणेला पेलेल का, हे आधी कसे पाहायचे? चाचणीसाठी लाख माणसे जमवता येत नाहीत. म्हणून एक संगणक शेकडो माणसांची सोंगे घेतो आणि पाने पुरवणाऱ्या संगणकाकडे मागणीमागून मागणी धाडतो. याला भार-चाचणी म्हणतात. नव्या पुलावर वजने ठेवून तो किती वाकतो ते पाहतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की पुलावरच्या वजनाला वाचता यावे लागत नाही. या सोंगाड्यांना मात्र यावे लागते. त्यांना वाचायला कसे शिकवले गेले, हे आपण येथे पाहू. कारण ते वाचायला चुकले, तर पुष्कळदा चाचणी नापास होत नाही. उलट फार चांगल्या गुणांनी पास होते!

विसराळू दुकानदार

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत महाजालाचा पहिला प्रस्ताव मांडला. पुढे पानांच्या देवाणघेवाणीचे जे नियम (एचटीटीपी) ठरले, ते मुद्दाम साधे होते. एकाने पान मागावे, दुसऱ्याने ते द्यावे आणि विसरून जावे. संशोधकांचे लेख वाचायला एवढे पुरे होते. पण महाजालावर दुकान मांडायचे म्हटल्यावर अडचण आली. पुस्तक टोपलीत टाकून गिऱ्हाईक पुढच्या पानावर गेले, की दुकानदार त्याला ओळखेना.

यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी तोडगा काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. तेथील माणूस आपला चेहरा लक्षात ठेवत नाही. बिल्ला दाखवला की चपला देतो. तसाच एक छोटा बिल्ला गिऱ्हाइकाच्या संगणकाकडे द्यायचा आणि प्रत्येक मागणीबरोबर तो परत घ्यायचा. हीच ‘कुकी’.

पुढे असे बिल्ले पानाच्या पोटातही लपवले जाऊ लागले. २००२ साली आलेल्या एएसपी डॉट नेट या पद्धतीत पानाच्या स्थितीची माहिती एका न दिसणाऱ्या रकान्यात भरून पाठवली जाई आणि पुढच्या मागणीबरोबर ती परत यावी लागे. कोणी फसवून आपल्या नावे मागणी धाडू नये, म्हणूनही पानात गुप्त क्रमांक ठेवतात. ते पुष्कळदा दर भेटीला बदलतात.

आपल्याला याची गंधवार्ताही नसते, कारण ही देवाणघेवाण ब्राउझर परस्पर करतो. पंचाईत होते ती सोंगाड्याची. भार-चाचणीत बहुधा एका माणसाची वाटचाल एकदा नोंदवून घेतात आणि तीच पुन्हा पुन्हा वठवतात. पण त्या नोंदीत असतो कालचा बिल्ला! आज तो चालत नाही. कुकी सांभाळण्याची सोय चाचणीच्या साधनांत तयारच असते. पानात दडलेला क्रमांक मात्र आपणच, नेमकी खूण सांगून, उपसून काढावा लागतो.

नमुना ओळखण्याची कला

ही खूण सांगण्याची भाषा महाजालाहून कितीतरी जुनी आहे. १९४३ मध्ये वॉरन मॅकुलक व वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रारूप मांडले. अशी जाळी कोणते नमुने ओळखू शकतील, याचा विचार गणिती स्टीफन क्लीन यांनी १९५१ मध्ये केला. त्यांचा निबंध १९५६ मध्ये छापून आला. ‘आधीची गोष्ट कितीही वेळा, अगदी शून्य वेळाही’ हे सांगायला आज आपण जी तारका (*) वापरतो, ती क्लीन यांच्या नावानेच ओळखली जाते. १९६८ मध्ये केन टॉम्प्सन यांनी हे गणित मजकुरातील शोधासाठी संगणकावर उतरवले. १९७३ च्या सुमारास त्यांची ‘ग्रेप’ ही आज्ञावली आली. मज्जापेशींच्या अभ्यासातून निघालेली वाट अशी संगणकाच्या रोजच्या कामात येऊन मिळाली.

या भाषेतला एक सापळा फळ्यावर दाखवता येईल. हे वाक्य लिहा:

रमा म्हणाली, "चल." गणू म्हणाला, "थांब."

आता वर्गाला सांगा, ‘अवतरणचिन्हापासून अवतरणचिन्हापर्यंतचा मजकूर काढा.’ मुले "चल." असे म्हणतील. पण संगणकाला "(.*)" एवढेच सांगितले, तर तो पहिल्या चिन्हापासून थेट शेवटच्या चिन्हापर्यंत सारे घशात घालतो, मधला गणूही त्यात जातो! ही तारका खादाड असते. तिला आवरण्यासाठी पुढे प्रश्नचिन्ह लावायचे: "(.*?)". ही सोय ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या पर्ल भाषेच्या पाचव्या आवृत्तीने दिली. गंमत अशी, की कुकी ओळखणारा नेटस्केपचा ब्राउझरही त्याच महिन्यात बाहेर पडला.

सगळे हजर, पण वर्गात कोणीच नाही

१९९८ मध्ये स्टेफानो मात्सोकी यांनी अपाची जेसर्व्ह या प्रणालीचा वेग तपासण्यासाठी जेमीटर हे साधन लिहिले. पुढे ते भार-चाचणीसाठी जगभर वापरले जाऊ लागले. पर्लच्या धर्तीचा नमुना देऊन पानातील मजकूर उपसण्याची सोय त्यात आहे. आता समजा, पानाच्या रचनेत किरकोळ बदल झाला आणि नमुना जुळेनासा झाला. मग काय होते?

सोंगाडी चुकीचा बिल्ला घेऊन पुढच्या दाराशी जातात. पुष्कळदा तेथे ‘पुन्हा प्रवेश करा’ हे साधे पान त्यांच्या हाती दिले जाते. पण नियमांच्या भाषेत तेही उत्तरच; त्यावर ‘२००, ठीक’ असा शेरा असतो. चाचणीचे साधन मांडते: यशस्वी. शिवाय हे पान हलके असते, त्यासाठी माहितीसाठा धुंडाळावा लागत नाही, म्हणून उत्तरे झटपट येतात. हजार सोंगाडी दारातूनच परतले, एकानेही निकाल पाहिला नाही, आणि अहवाल मात्र सांगतो की यंत्रणा उत्तम! खरी गर्दी येते त्या दिवशीच मग खरी परीक्षा होते.

चूक कशी शोधावी?

पहिली गोष्ट, गर्दी थांबवून एकच सोंगाडी पाठवावा आणि त्याच्या हाती आलेले पान स्वतः उघडून वाचावे. ब्राउझरमध्ये दिसते ते नव्हे, त्याला मिळालेले. जेमीटर हा ब्राउझर नाही; तो पानातील जावास्क्रिप्ट चालवत नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये तयार होणारा क्रमांक आलेल्या पानात नसतोच, आणि नसलेले कोणत्याही नमुन्याने सापडत नाही.

दुसरी गोष्ट, नमुना नेमका कशाशी जुळतो ते पाहावे. अनेक जागी जुळत असेल, तर कितवी जोडी हवी ते सांगावे लागते. जेमीटरमध्ये तेथे ० लिहिले, तर ‘पहिली’ नव्हे, ‘कोणतीही एक’ असा अर्थ होतो!

तिसरी गोष्ट, काही न सापडल्यास काय धरावे, ते ‘सापडले नाही’ अशा ठळक शब्दांत लिहून ठेवावे. ते मोकळे सोडले, तर मागच्या फेरीतला जुना क्रमांकच पुढे जाऊ शकतो आणि चूक झाकली जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, उत्तर आले एवढ्यावर समाधान न मानता, आलेल्या पानात विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक आहे का, हे प्रत्येक वेळी तपासायला लावावे.

आपण शिक्षकांना ही शेवटची सूचना नवी वाटू नये. ‘समजले का?’ असे विचारल्यावर साऱ्या वर्गातून एका सुरात येणारा ‘हो’ हाही ‘२००, ठीक’ असाच शेरा असतो. तो ऐकून आपण पुढचा धडा घेत नाही. एखाद्याला फळ्याशी बोलावतो.