मडक्यात किती आहे, हे कोणाला माहीत?

गेल्या महिन्यात मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये बसलो होतो. शेजारच्या टेबलावर घाटावरून आलेले चौघे. त्यांनी दोन बाटल्या बियर सांगितली आणि ती आली स्टीलच्या जगात, आतून भरून. एकाने जग वाकवून बघितला आणि भडकला. दोन बाटल्यांचे पैसे लावलेत, जग भरलाय कुठे? वेटर म्हणाला, साहेब, फेस होता, तो बसला. साहेब म्हणाले, मग फेसाचे पैसे घेता का? झालं, सुरू.

मालक मधे पडला, अर्धी बाटली वर ओतली, वाद मिटला. पण मी नंतर आत जाऊन जग भरणाऱ्या पोराकडे बघत उभा राहिलो. वय असेल वीस-बावीस. एका हातात जग तिरका, दुसऱ्या हातात बाटली, नजर बाहेर क्रिकेटच्या स्क्रीनवर. जगात तो बघतच नव्हता. तरी काठोकाठ आल्यावर बरोब्बर थांबला, थेंब सांडला नाही. मी विचारलं, कसं कळतं रे? म्हणाला, "काकानू, भांड्यात डोळ्यांक काय दिसता? मी कानान भरतंय."

यात जादू काही नाही. नळाखाली कळशी लावून स्वयंपाकघरात गेलेल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. भांडं रिकामं असताना पाण्याचा आवाज जाड असतो, भरत जाईल तसा बारीक होतो, कारण वरची हवेची पोकळी आखूड होत जाते. बासरीचं भोक आणि कळशीचं तोंड, शास्त्र एकच. २००० साली केब आणि पिटेंजर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याचा रीतसर प्रयोग केला. लोकांना न बघता भांडी भरायला लावली, त्यात अंध माणसंही होती, आणि नुसत्या आवाजावरून त्यांना भांडं कुठवर आलं ते सांगता आलं. आपल्याकडच्या आज्यांनी हा पेपर वाचला असता तर हसल्या असत्या.

पण पाण्याचं ठीक आहे. फेसाळणारी वस्तू असली की कानही फसतो. वर फेसाची गादी आली की धार पडल्याचा आवाज दबतो आणि भांडं भरायच्या आधीच भरल्यासारखं वाटतं. मग त्या पोराने जे केलं तेच करायचं: जग तिरका धरून धार आतल्या भिंतीवरून सोडायची, म्हणजे फेस कमी धरतो, मधे थांबायचं, हाताने वजन घ्यायचं. स्टील असेल तर आणखी एक खूण मिळते. थंड बियर जिथवर पोचली तिथवर भांड्याला बाहेरून घाम फुटतो. आपल्या दमट हवेत ही रेघ चांगली दिसते.

मुद्दा वेगळाच आहे. भरणाऱ्याकडे कान आहे, हात आहे, सवय आहे. पैसे देणाऱ्याकडे यातलं काहीच नाही. भांड्यातून आरपार दिसत नसेल तर एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला विश्वास ठेवावा लागतो. आणि आपल्या किनाऱ्यावर हा वाद बियरच्या शेकडो वर्षं आधीचा आहे. तो माडीचा आहे.

आधी एक खुलासा, कारण घाटावरच्या मित्रांचा नेहमी गोंधळ होतो. ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी आणि माडाची म्हणजे नारळाच्या झाडाची ती माडी. मालवण-वेंगुर्ल्याकडे माडच जास्त, म्हणून माडी. सरकारी कागदात मात्र सगळ्यालाच ताडी म्हणतात.

माडी काढायचं काम परंपरेने भंडारी समाजाचं. याच समाजाने शिवाजी महाराजांच्या आरमाराला माणसं दिली. १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांना झुंजवणारा मायनाक भंडारी त्यांच्यातलाच. डोलकाठी आणि माड, दोन्ही चढणाऱ्याला पाय सारखेच घट्ट लागतात, असं मला कायम वाटत आलंय.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत माडी काढणारे एक आजोबा होते. माडाला पोय येते, म्हणजे न उमललेला फुलोरा. ती दोरीने आवळून बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, टोकाची पातळ चकती कापायची. मग थेंब थेंब रस गळायला लागतो. खाली मडकं अडकवायचं. सकाळ-संध्याकाळ वर चढून मडकं उतरवायचं नाही, तर त्यातला रस कमरेला लटकवलेल्या भांड्यात ओतून घ्यायचा आणि पोय पुन्हा तासायची. (गोव्यात या कमरेच्या भांड्याला, पूर्वी वाळलेल्या दुधी भोपळ्याचं असायचं, दुदिणें म्हणतात.)

आता डोळ्यासमोर आणा. जमिनीपासून चाळीस-पन्नास फूट वर, एक हात झावळीला, वारा सुटलेला, आणि एका न दिसणाऱ्या भांड्यातून दुसऱ्या न दिसणाऱ्या भांड्यात फेसाळता रस ओतायचा. सांडला तर दिवसाची कमाई स्वतःच्याच पायांवर, आणि पाय ओले झाले तर जीवही धोक्यात. आजोबा मडक्याला बोटाच्या पेराने टिचकी मारत. रस जिथवर असेल तिथे आवाज ठस्स, त्याच्या वर पोकळ. कमरेचं भांडं ते कधीच तोंडापर्यंत भरत नसत, चार बोटं जागा सोडत. मी विचारलं होतं, भरून का घेत नाही, एक फेरी वाचेल. म्हणाले, "झिला, ती जिवंत आसा. तिका जागा व्हयी."

जिवंतच. ताज्या रसात साखर भरपूर आणि हवेतलं, मडक्यातलं यीस्ट आयतं. गळायला लागल्यापासूनच तो आंबायला सुरुवात होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस चढतो. सकाळची माडी गोड, दुपारची चढणारी आणि दुसऱ्या दिवशीची हळूहळू शिरक्याकडे निघालेली. मडक्याला आतून चुना फासला तर आंबणं थांबतं आणि मिळते ती नीरा, जी मुंबईच्या लोकल स्टेशनवर स्टॉलवर प्यायलेली अनेकांना आठवत असेल. म्हणजे नीरा की माडी, गुन्हा की सरबत, हे मडक्याच्या आतल्या चुन्यावर ठरतं, आणि तोही बाहेरून दिसत नाही.

आता या धंद्यात सरकार येतं.

दारूवर कर घ्यायचा तर किती दारू आहे ते मोजायला हवं. भट्टीवर मोजता येतं. भट्टी एका जागी असते, पिंप असतं, कुलूप घालता येतं, कारकून बसवता येतो. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात नेमकं तेच केलं. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आणून गावोगावच्या छोट्या भट्ट्या मोडून मोठ्या, नजरेखालच्या डिस्टिलऱ्यांकडे धंदा वळवला. पण माडीचं काय? हजारो झाडं, प्रत्येकाच्या शेंड्यावर एक मडकं, दिवसातून दोनदा रिकामं होणारं, अर्धा रस अर्धा फेस, आणि सकाळी मोजलेलं दुपारी वेगळंच काहीतरी झालेलं. कुठला इन्स्पेक्टर चढणार होता?

म्हणून सरकारने मडक्यात बघायचा नाद सोडला आणि झाड मोजलं. झाडपट्टी. माडी काढायची तर प्रत्येक झाडामागे कर भरून परवाना घ्यायचा. झाड लपवता येत नाही, फेसाळत नाही, आंबत नाही. कारकुनाच्या बाजूने बघितलं तर ही युक्ती बिनतोड होती.

चढणाऱ्याच्या बाजूने बघा. एक माड दिवसाला दीड-दोन लिटर देतो, दुसरा त्याच्या निम्मं. पावसात काम धड होत नाही. ज्या पोयीची माडी काढली तिला नारळ धरत नाही, ते नुकसान वेगळं. पट्टी मात्र चांगल्या झाडाला तीच आणि रोड झाडालाही तीच, आणि ती आधी भरायची. गाठीला पैसा नसलेला माणूस ती भरणार कुठून? मग दुकानदार, ठेकेदार आगाऊ पैसे देणार आणि माडी कोणाला, काय भावाने घालायची तेही तोच ठरवणार. भंडारी मंडळींनी या कराविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. स्वतःच्या झाडाचा स्वतः मालक असलेला माणूस परवानेवाला झाला. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कोकण्यांत भंडारीही होतेच. सगळं खापर झाडपट्टीवर फोडणार नाही, शेती तुटपुंजी होतीच. पण घरचा धंदा परवडेनासा होणं ही छोटी गोष्ट नसते.

आणखी एक परिणाम झाला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झाडावर ठरावीक कर म्हटला की तो वसूल करायचा सोपा रस्ता एकच: त्याच झाडाच्या नावावर जास्त माल विकायचा. पाणी घालायचं. मडक्यात दिसत कुठे होतं?

गिऱ्हाइकाकडे होतं फक्त माप. शेर, पावशेर, नवटाक. शेरही गावागणिक वेगळा. आजही आपण "पावशेर मारून आलाय", "नवटाक लावलीय" म्हणतो. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आणली, शेर बाजारातून गेला, पण दारूच्या बोलीतून गेला नाही. माप हेच पेयाचं नाव झालं, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने भांडणाची जागा तीच होती. माप फेसासकट भरायचं की फेस बसल्यावर?

हे फक्त आपल्याकडचं नाही. म्युनिकमध्ये बियर दगडी मातीच्या जाड मगात मिळायची, आरपार न दिसणाऱ्या. कमी भरल्याच्या तक्रारी कायमच्या. ऑक्टोबरफेस्टमध्ये काचेचे मग आले १८९२ साली. त्यानेही भागलं नाही म्हणून १८९९ साली तिथल्या लोकांनी चक्क एक संस्था काढली, नाव "फसवं ओतण्याविरुद्ध संघ". ती मधे बंद पडली आणि १९७० साली पुन्हा उभी राहिली. तिकडे पिणाऱ्यांनी संघटना केली, भांडं काचेचं झालं, त्यावर रेघ आली. आपल्याकडे पिणारा बोलूच शकत नाही, कारण तक्रार केली की आधी प्रश्न येतो, तू पितोस?

आणि मग तर पिणंच गुन्हा झालं. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजीभाई गृहमंत्री, ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी. कायद्यात ताडीची व्याख्याच अशी की माड, ताड, शिंदी किंवा कुठल्याही तशा झाडाचा रस, आंबलेला असो वा नसो. नीरेला वेगळी वाट ठेवली. पण माडी गेली चोरवाटेला, आणि चोरट्या मालाला कसलं माप नि कसला शिक्का? शेजारी गोवा, १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा, तिथे दारू खुली. बांदा-सावंतवाडीकडून काय काय आलं ते सगळ्यांना माहीत आहे. इन्सुलीचा नाका आजही त्याच कामाला आहे.

साठच्या दशकात बंदी सैल झाली. १९६८ साली नवे नियम आले आणि त्यांच्या नावातच ताडीची दुकानं आणि ताडीची झाडं जोडीने आहेत. म्हणजे नव्वद वर्षांनी, स्वराज्यातही, सरकार मडक्याकडे न बघता झाडाकडेच बघत होतं.

माझ्या मते यात आज एक संधी आहे, जी आपण वापरत नाही. झाडं माहीत आहेत, एका झाडाचा रस साधारण किती तेही माहीत आहे. मग दुकानात विकला जाणारा माल त्या हिशेबात बसतो का, हे तिसरी-चौथीतलं पोर सांगेल. ज्या शहरांत ताडीची झाडं शोधून सापडत नाहीत तिथे दिवसभर ताडी वाहते कशी? उत्तर आहे क्लोरल हायड्रेट. गुंगी आणणारं रसायन, पाणी, गोडीला सॅकरीन आणि वर पांढरा फेस. या मालाने महाराष्ट्रात माणसं मेली आहेत. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले, म्हणून बातमी आतल्या पानावर. बारमध्ये तीस आणि साठ मिलीचं माप शिक्क्याचं लागतं, कमी भरलं तर तक्रार करता येते. ताडीच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये किती आहे हे सोडा, काय आहे हेही कोणी विचारत नाही.

आणि गंमत बघा, खरी माडी जिथे निघू शकते त्या आपल्या किनाऱ्यावर ती काढणारा माणूस उरला नाही. नारळ पाडायलाच कोणी मिळत नाही, नारळ विकास मंडळाला माडावर चढायचं शिकवायला प्रशिक्षण वर्ग घ्यावे लागतात. पर्यटक येतो, "काहीतरी लोकल" मागतो, आणि आपण त्याच्यापुढे स्टीलच्या जगात बाटलीतली बियर ठेवतो.

निघताना त्या पोराला विचारलं, तुझ्या घरात कोणी माडी काढायचं का रे?

"पणजो काढी. मी काय बघूक नाय, आवशीन सांगलेला." एवढं बोलून त्याने पुढचा जग उचलला, तिरका धरला आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागला.