वन्यप्राण्यांचे स्थानांतर आणि रोगांचा धोका

संकटग्रस्त प्रजातीतील काही प्राणी दुसऱ्या अधिवासात नेऊन तेथे नवी वसाहत उभी करणे, हा संवर्धनाचा मान्य मार्ग आहे. मात्र प्राणी कधीच एकटा हलत नाही. त्याच्यासोबत विषाणू, जिवाणू, कृमी आणि गोचिडीही प्रवास करतात.

हा धोका दुहेरी असतो. पाहुण्या प्राण्यासोबत आलेला जंतू स्थानिक प्राण्यांवर उलटू शकतो. तसेच स्थानिक रोगांपुढे नवागत दुबळा ठरू शकतो. पकडणे, भूल देणे आणि प्रवास यांच्या ताणामुळे प्रतिकारशक्ती घटते व सुप्त विकार उफाळून येतात.

मध्य प्रदेशातील कुनो येथे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आठ, तर २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आणण्यात आले. त्यांपैकी साशा ही मादी मार्च २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली. हा विकार तिला भारतात येण्यापूर्वीच जडला होता, असे नामिबियातील रक्ततपासणीच्या नोंदींवरून दिसून आले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आणखी तीन चित्ते मरण पावले. आफ्रिकेतील हिवाळ्यानुरूप वाढलेल्या दाट केसांखाली ओल राहिली, मान व पाठीवरील जखमांत अळ्या पडल्या आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. येथे परका जंतू नव्हे, तर परका ऋतू घातक ठरला.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी २०१४ मध्ये रोग-जोखीम विश्लेषणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रस्थानापूर्वी तपासणी, दोन्ही ठिकाणी विलगीकरण, परिसरातील कुत्र्यांचे लसीकरण आणि सोडल्यानंतरची देखरेख हे अशा कार्यक्रमांतील महत्त्वाचे टप्पे होत.

तथापि, धोक्याच्या भीतीने प्राणी एकाच ठिकाणी ठेवणे हेही निर्धोक नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीर परिसरात वीसहून अधिक सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत त्यांपैकी काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर हा प्रामुख्याने कुत्र्यांत आढळणारा विषाणू निष्पन्न झाला. याच विषाणूने १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीतील सुमारे एकतृतीयांश सिंह गिळंकृत केले होते. आशियाई सिंह मुक्त अवस्थेत केवळ सौराष्ट्रातच उरले आहेत. त्यांतील काही कुनोत हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. तो अद्याप अमलात आलेला नाही.