शेवटच्या पंगतीचे अन्न



एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानोबारायांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. त्या शिस्तीत भजनाचा क्रम आहे, तशी नैवेद्याची व्यवस्थाही आहे. घोडे आणि तंबू यांबरोबर नैवेद्याची सेवाही अंकलीच्या शितोळे सरकारांकडे चालत आली. एवढा समाज रोज गाव बदलतो आणि तरी ताजे अन्न जेवतो, ते कसे? शिजलेले अन्न वाट चालत नाही, चूल चालते, म्हणून. शिधा आणि भांडी पुढे जातात, मुक्कामावर चूल पेटते आणि दिंडी पोहोचेतो पिठले रटरटत असते. बैलगाडी गेली, ट्रक आला. क्रम तोच राहिला.

आपल्या घरच्या चुलीला वैल असे. शिजलेले भांडे वैलावर सरकवले की ते करपतही नसे आणि निवतही नसे. मोठ्या पंगतीतही तोच विचार होता. चर खणून केलेल्या चुलाणातले निखारे मागे ओढून आमटीचा हंडा त्यांवर ठेवायचा, वाढप्याने लहान बादली भरून न्यायची आणि रिकामी झाली की पुन्हा हंड्याकडे यायचे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई आधी होई, नाहीतर आंबट आमटी कळकायची. काला तर कालवला की लगेच वाटायचा, हा नेमच आहे.

पूर्वी वारीला धास्ती होती ती पटकीची. 1884 साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला. पुढे यात्रेकरूंना लस टोचू लागले, पाण्याची काळजी घेतली जाऊ लागली आणि ते भय ओसरले. पण दुसरे भय हंड्यातच दडलेले आहे. काही जंतूंची बीजे उकळीतही मरत नाहीत. अन्न कोमट झाले की ती जागी होतात आणि वाढतात. 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवलेल्या अन्नात ती वाढू शकत नाहीत. मोठ्या हंड्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, तेथे त्यांचे फावते. वास येत नाही, चव बदलत नाही. कोमट राहिलेल्या भातात तयार होणारे एक विष तर पुन्हा तापवूनही जात नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातला एकादशीचा प्रसाद घेऊन शेकडो भाविकांना विषबाधा झाली. झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लावाव्या लागल्या. एका प्रसादाने गावच्या गाव कसे आडवे होते, ते तेव्हा दिसले.

आता आपला सप्ताह पाहा. काल्याचे कीर्तन दहा ते बारा. आमटी सकाळी सातलाच उतरवलेली. कीर्तन लांबते, मग सत्कार, मग आभार. पहिली पंगत दीडला बसते. शेवटच्या पंगतीला कोण असते? वाढपी, रात्रभर राबलेल्या आयाबहिणी, भांडी घासणारे, वेशीबाहेरून आलेला भुकेला. सगळ्यांत निवलेले अन्न त्यांच्याच पानात पडते.

म्हणून व्यवस्थापक माउलींना विनंती. सगळे एकदम शिजवू नका, पंगतीमागे पंगत तशी खेपेने शिजवा. भात सर्वांत शेवटी करा. हंडे झाकून विस्तवावर ठेवा, स्वयंपाकघरात तापमापक ठेवा. उरलेला भात संध्याकाळी वाटू नका. आणि कीर्तनकार बंधूंनो, घड्याळ बघून गजर करा. तुमचे अर्ध्या तासाचे वाढीव निरूपण हंडा निववते.

अन्नाला आपण ब्रह्म म्हणतो. ते ब्रह्म पहिल्या पंगतीला वाफाळलेले आणि शेवटच्या पंगतीला विटलेले असेल, तर अन्नदान पुरे झाले असे म्हणता येणार नाही. शेवटच्या पानात पडणारी आमटी हाताला चटका देते का, एवढे पाहा आणि मगच ‘पुंडलिक वरदे’ म्हणा.